दोन एन्काउंटरांमधला वेळ खेळात कसा आणावा?

वीसपैलू (धागाकर्ता)

आमचा पाच खेळाडूंचा गट गेली तीन वर्षे डंजन्स अँड ड्रॅगन्स या काल्पनिक पात्रांच्या, फाशांवर चालणाऱ्या खेळाची पाचवी आवृत्ती (२०१४ चे नियम) खेळत आहे आणि या सगळ्या काळात डीएमची (गोष्ट सांगून खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरची) खुर्ची माझ्याकडे आहे. चार तासांच्या सेशनमध्ये दोन, फार तर तीन एन्काउंटर (चकमकी) होतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. नकाशा समोर असतो, पाळी कोणाची आहे हे प्रत्येकाला ठाऊक असते आणि प्रत्येक फाशामागे काहीतरी पणाला लागलेले असते. शेवटचा शत्रू पडला की मात्र टेबलावरचा सगळा ताण एकदम सैल होतो, आणि पुढची लढाई सुरू होईपर्यंत आम्ही नेमके काय खेळत असतो हे मला आजवर उमगलेले नाही.

हे दोन प्रकारे बिघडते. पहिल्या प्रकारात कोणीतरी म्हणते, "आम्ही लाँग रेस्ट घेतो," मी म्हणतो, "सकाळ झाली," सगळे आपापल्या कॅरेक्टर शीटवरचे (पात्राच्या नोंदपत्रावरचे) हिट पॉइंट, म्हणजे जखमांनी घटलेली ताकद, पूर्ववत करतात, आणि ज्या भुयारात जीव मुठीत धरून शिरलो होतो तेथेच आठ तास झोपलो हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही. दुसऱ्या प्रकारात पार्टी (पात्रांचा चमू) एखाद्या शहरात पोहोचते, एक खेळाडू दुकानदाराशी तलवारीच्या किमतीवरून घासाघीस सुरू करतो, मलाही त्यात गंमत वाटते म्हणून मी दुकानदाराचा आवाज काढत बसतो, आणि चाळीस मिनिटांनी मान वर करून पाहावे तर उरलेले चौघे फोनमध्ये गढलेले असतात.

प्रवासासाठी मी फासा टाकून ठरवायच्या घटनांचा एक तक्ता करून पाहिला. लांडगे आले, लांडगे मेले, पार्टी पुढे चालू लागली. म्हणजे मधला वेळ भरण्यासाठी मी आणखी एक एन्काउंटरच घातला, आणि तोही निकृष्ट. मला नवी नियमावली नको आहे. जे हाताशी आहे त्यातूनच हा वेळ खेळण्याजोगा कसा करावा, याबद्दल डीएमांचा आणि खेळाडूंचाही अनुभव वाचायला आवडेल.

मशालजी

आपल्या प्रश्नात तीन वेगवेगळे वेळ एकत्र झाले आहेत आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे, असे मला वाटते. भुयारात एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत जातात ती मिनिटे. मुक्काम आणि प्रवास यांत जातात ते तास आणि दिवस. आणि एक मोहीम संपून दुसरी सुरू होईपर्यंत जातात ते आठवडे किंवा महिने.

मिनिटांच्या बाबतीत जुन्या नियमांकडे पाहण्यासारखे आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ मध्ये निघाला तेव्हापासून भुयारातला वेळ १० मिनिटांच्या 'टर्न'मध्ये मोजला जात असे, आणि १९८१ च्या बेसिक संचात तो हिशेब फार नेटका बसवलेला आहे. मशाल ६ टर्न जळते, तेलाच्या एका कुपीवर कंदील २४ टर्न चालतो, दर ६ टर्नांपैकी १ विश्रांतीसाठी दिला नाही तर थकव्याची वजाबाकी लागते, आणि दर २ टर्नांनी डीएम सहा पैलूंचा फासा टाकतो. त्यावर १ पडला तर भटकता राक्षस समोर येतो. भिंत चाचपून पाहायला एक टर्न लागतो. त्यामुळे "भिंत तपासायची का?" या साध्या प्रश्नालाही मशालीचा सहावा हिस्सा आणि राक्षसाची शक्यता अशी उघड किंमत असते, आणि ज्याची किंमत दिसते त्यावर खेळाडू आपोआप चर्चा करू लागतात.

तुमच्या लांडग्यांचे काय चुकले हेही येथेच कळते. त्या काळी अनुभवाचे गुण मुख्यत्वे खजिना बाहेर आणल्याबद्दल मिळत आणि भटकत्या राक्षसाकडे खजिना सहसा नसे. त्याच्याशी लढणे हा निव्वळ तोटा होता. म्हणून त्याला टाळणे, चकवणे, त्याच्यापुढे अन्न फेकून पळणे हाच खेळ होता. तुमच्या तक्त्यातला लांडगा मारल्यावर गुण मिळतात, आणि त्याने घेतलेला चावा त्याच रात्री झोपेत भरून निघतो. मग त्याला टाळावे तरी कशासाठी? तक्ता आपण जुन्या खेळातून उचलला. त्याला अर्थ देणारा हिशेब तेवढा तिकडेच राहिला.

नवखी खेळाडू

मी डीएम नाही, जेमतेम दीड वर्ष खेळते आहे, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहिते. मला कंटाळा येतो तो काही घडत नाही म्हणून नव्हे. आमच्याकडे बरेच काही घडते: डीएम सुंदर वर्णने करतात, जंगल, पाऊस, वाटेत भेटणारी माणसे. कंटाळा येतो कारण त्या सगळ्यात माझ्या पात्राने काहीही केले नसते तरी पुढचे सारे तसेच घडले असते. लढाईत मी चुकीच्या चौकटीत उभी राहिले तर कोणीतरी मरते. प्रवासात मी कोठेही उभी राहिले तरी आम्ही पोहोचतोच.

आणखी एक. शेकोटीभोवती बसून "आता प्रत्येकाने आपल्या भूतकाळाबद्दल सांगा" हा उपाय सुचवणार असाल तर कृपया जरा विचार करा. सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळतात, सुचत काहीच नाही, आणि मग "माझे आईवडील वारले" एवढेच तोंडातून बाहेर पडते. आमच्या पार्टीत आता सहाही पात्रे अनाथ आहेत.

हिशेबनीस

नव्या नियमांची गरज नाही, हे धागाकर्त्यांचे म्हणणे पटते. पाचव्या आवृत्तीतल्या शॉर्ट रेस्टचेच (छोट्या विश्रांतीचेच) पाहा. तो किमान १ तासाचा असतो आणि आपण बहुतेक जण त्याला हिट डाइस (जखमा भरून काढणारे फासे) खर्च करण्याची जागा समजून पुढे जातो. पण नियम नीट वाचले तर तेवढ्या तासात करता येण्यासारखी कामे एकमेकांच्या आड येतात. जादूची वस्तू हाताळत बसून तिचे गुणधर्म ओळखायला एक शॉर्ट रेस्ट लागतो. तिच्याशी अट्यूनमेंट करायलाही (तिची शक्ती मिळावी म्हणून तिला स्वतःशी जोडून घ्यायलाही) एक लागतो. आणि २०१४ च्या नियमांनुसार ही दोन्ही कामे एकाच विश्रांतीत होत नाहीत. म्हणजे थडग्यात अंगठी सापडली तर ती काय आहे हे न कळता बोटात घालून जोडून घ्यायची, की आधी ओळखून आणखी एक तास तेथेच थांबायचे, हा खराखुरा प्रश्न आहे. बहुतेक टेबलांवर तो विचारलाच जात नाही, कारण डीएम कौतुकाने अंगठीचे नाव लगेच सांगून टाकतो. ही चूक मीही अनेक वर्षे केली.

पाथफाइंडर या तशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने (२०१९) हे अधिक उघडपणे केले आहे. तेथे खेळाचे एन्काउंटर, एक्सप्लोरेशन (वाटचाल आणि शोध) आणि डाउनटाइम (मोहिमांमधला मोकळा काळ) असे तीन भागच पाडलेले आहेत. जखमांवर उपचार करायला १० मिनिटे, मोडलेली ढाल दुरुस्त करायला १० मिनिटे, फोकस पॉइंट (खास मंत्रांसाठीची शक्ती) परत मिळवायला १० मिनिटे. आणि ज्याच्यावर एकदा उपचार झाले त्याच्यावर पुन्हा तेच उपचार सहसा तासाभराने होतात. वाटचालीतही प्रत्येक जण चालता चालता काय करतो आहे हे आधी सांगून ठेवतो. कोणी पुढची टेहळणी करत असेल तर पुढच्या लढाईत सगळ्यांच्या इनिशिएटिव्हला (पाळीचा क्रम ठरवणाऱ्या फाशाला) १ ची भर पडते, कोणी लपत चालला असेल तर तो स्टेल्थनेच (लपण्याच्या कौशल्यानेच) इनिशिएटिव्ह टाकतो, कोणी ढाल उचलूनच चालला असेल तर लढाई सुरू होते तेव्हा ती वरच असते. वर नवखी खेळाडू यांनी जे म्हटले आहे, की मी कोठेही उभी राहिले तरी फरक पडत नाही, त्यावर हे सरळ उत्तर आहे: चालताना केलेली निवड पुढच्या चकमकीच्या पहिल्या फाशात दिसली पाहिजे.

वाटाड्या

'ब्लेड्स इन द डार्क' (जॉन हार्पर, २०१७) या खेळाचा उल्लेख अजून कसा आला नाही? त्यात डाउनटाइम हा रचनेचा अर्धा भाग आहे. चोरीची मोहीम संपली की आधी तिचा बभ्रा किती झाला ते मोजायचे, मग त्या बभ्ऱ्यातून कोणते लचांड मागे लागले ते फाशाने ठरवायचे, आणि मग प्रत्येक पात्राला दोन कामे करता येतात. फक्त दोन. जखमा भरून काढणे, बभ्रा कमी करणे, सराव करणे, एखादी वस्तू किंवा माणूस मिळवणे, दीर्घ पल्ल्याचे काम पुढे ढकलणे, किंवा आपल्या व्यसनात बुडून मनावरचा ताण उतरवणे. तिसरे काम हवे असेल तर पदरचे नाणे किंवा टोळीची पत खर्च करावी लागते, आणि टोळीचे कोणाशी युद्ध पेटलेले असेल तर दोनचेही एकच होते.

येथली खुबी कामांच्या यादीत नसून आकड्यात आहे, असे माझे मत आहे. सहा गोष्टी हव्या असतात आणि दोनच करता येतात, म्हणून खेळाडू एकमेकांकडे पाहू लागतात: "तू बभ्रा कमी कर, मी जखम बरी करतो, पुढच्या वेळी उलट करू." व्यसनाचा नियम तर फारच धूर्त आहे. जितका ताण साचला आहे त्याहून जास्त फाशाने उतरवला तर अतिरेक झाला असे धरतात आणि नवे संकट ओढवते; त्यामुळे थोडाच ताण असताना विश्रांती घ्यायलाही माणूस कचरतो.

दीर्घ कामांसाठी ते वर्तुळ काढून त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करतात आणि काम होईल तसे भाग रंगवतात. हे कोणत्याही खेळात उचलता येते. मी पाचव्या आवृत्तीच्या टेबलावर दर मोकळ्या आठवड्याला प्रत्येकी दोन कामे एवढाच नियम ठेवला आहे. फासा टाकायचा, अपयश आले तर एक भाग, यश आले तर दोन भाग, अगदी उत्तम पडला तर तीन. रिकाम्या हाताने कोणी परत येत नाही आणि एका फाशात कोणाचे काम पुरेही होत नाही.

हिशेबनीस

वाटाड्या, तत्त्व मान्य आहे, पण डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये एक जुने दुखणे आड येते. पात्रांची वेळेची भूक सारखी नाही. विझार्डला वहीत नवा मंत्र उतरवून घ्यायला मंत्राच्या प्रत्येक पातळीमागे २ तास आणि ५० सोन्याची नाणी लागतात, म्हणून त्याला महिना दिला तरी हवाच असतो. फायटरला वहीच नाही. दोन आठवड्यांचा डाउनटाइम जाहीर केला की एक जण तीन पानांचा बेत घेऊन येतो आणि दुसरा म्हणतो, "मी तलवारीला धार लावतो." खेळाडूंच्या पुस्तकातले २०१४ चे नियमही कोरडे आहेत, वस्तू बनवताना दिवसाला ५ नाण्यांच्या किमतीएवढी प्रगती आणि नवी भाषा शिकायला २५० दिवस, हे वाचून कोणाचे हात शिवशिवणार?

२०१७ च्या झानाथरच्या पुस्तकात (याच खेळाच्या पुरवणी पुस्तकात) हे बरेच सुधारले. तेथे कामाचा आठवडा हे माप आहे, शिकण्याचा काळ १० आठवड्यांच्या आसपास आला आहे, अनेक कामांमागे दर आठवड्याला १० टक्के गुंतागुंतीची शक्यता ठेवली आहे आणि डीएमने पार्टीसाठी एखादा प्रतिस्पर्धी तयार ठेवावा असे सुचवले आहे. हा प्रतिस्पर्धी मला फार उपयोगी पडला. तो राक्षस नसतो, त्याला मारून प्रश्न सुटत नाही. तुम्ही भुयारात असता तेव्हा तो शहरात तुमच्याबद्दल बोलत असतो. फायटरला मी तोच दिला. आखाड्यात त्याला हरवलेला आणि आता गावभर ते सांगत फिरणारा माणूस. तेव्हापासून तलवारीला धार लावण्याचा विषय निघालेला नाही.

चांदणवाट

शेकोटीबद्दल दोन शब्द, कारण नवखी खेळाडू यांची अडचण खरी असली तरी त्यासाठी शेकोटीच विझवावी असे मला वाटत नाही. दोष प्रश्नाचा आहे. "तुझा भूतकाळ सांग" हा प्रश्न फार मोठा आहे आणि त्याचे आजच्या दिवसाशी काही नाते नाही. मी प्रश्न नुकत्याच झालेल्या लढाईतून काढते. लढाई चालू असताना कागदाच्या कडेला एक-दोन टिपणे करून ठेवते: पॅलाडिनकडे बरे करण्याची एकच शक्ती उरली होती आणि ती त्याने चोराला न देता स्वतःला वापरली, ड्रुइडने पळणाऱ्या शत्रूवर बाण सोडला नाही. मग रात्री पहारा लावताना म्हणते, "दुसऱ्या पहाऱ्याला तुम्ही दोघे जागे आहात. चोराच्या खांद्याची पट्टी अजून ओली आहे. कोण आधी बोलते?" एवढे पुरते. कोणाला काही सुचवावे लागत नाही, कारण घडलेले सगळ्यांनी पाहिलेले असते. पात्राचा भूतकाळ यायचा असेल तर तो या वाटेने आपणहून येतो.

पहारा दोघांदोघांचा ठेवते, आणि कधीही न बोललेल्या दोन पात्रांना एकत्र टाकते. सहा जणांपुढे बोलणे आणि एकापुढे बोलणे यांत लाजऱ्या खेळाडूसाठी जमीनअस्मानाचा फरक आहे. बोलायचे नसेल तर पात्र काय करत बसले आहे ते एका वाक्यात सांगितले तरी चालते. पाच मिनिटांत उरकते.

ज्यांना यंत्रणा हवी असेल त्यांच्यासाठी 'सॅव्हेज वर्ल्ड्स' या खेळामध्ये इंटरल्यूड नावाची सोय आहे. एका खेळाडूने पत्ता ओढायचा आणि आलेल्या रंगाप्रमाणे शोकाची, विजयाची, प्रेमाची किंवा आकांक्षेची गोष्ट आपल्या पात्राच्या तोंडून सांगायची. बक्षीस म्हणून फासा पुन्हा टाकण्याची मुभा देणारा बेनी मिळतो. बक्षीस असल्यामुळे संकोच कमी होतो हे मी पाहिले आहे. तरी सेशनमागून सेशन तेच केले की त्याचाही शिरस्ता होतो.

वाटाड्या

एका गोष्टीवर कोणी बोललेले नाही म्हणून सांगतो: "सकाळ झाली" हे वाक्य वाईट नाही. ज्या रात्री काहीच वेगळे घडण्याची शक्यता नाही, ती रात्र त्या एका वाक्यात संपवणे हेच डीएमचे काम आहे. मधला सगळा वेळ रंजक केलाच पाहिजे असे ठरवले तर दोन लढायांमध्ये धाप टाकायला जागा उरत नाही, आणि मग खेळाडू शेकोटीपाशीही नकाशा मागू लागतात. दार वाजले तरी तलवार उपसणारी पार्टी ही बहुधा अशाच डीएमाच्या हाताखाली तयार झालेली असते.

मशालजी

सहमत आहे, फक्त एक पुस्ती जोडतो. रात्र एका वाक्यात संपली तरी ती कोठेतरी नोंदली गेली पाहिजे. गायगॅक्स यांनी १९७९ च्या डीएमसाठीच्या पुस्तकात काळाची काटेकोर नोंद ठेवल्याशिवाय कॅम्पेनला (अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीला) अर्थ राहत नाही असे ठासून सांगितले, इतके की टेबलावर खेळ चालू नसताना प्रत्यक्षातला एक दिवस गेला तर खेळातलाही एक दिवस जावा अशी त्यांची सूचना होती. एवढे टोक मी गाठत नाही. पण खलनायकाच्या बेताचे एक वर्तुळ मी डीएमची टिपणे झाकणाऱ्या पडद्यापुढे, सर्वांना दिसेल असे ठेवतो आणि पार्टीने रात्र घेतली की एक भाग रंगवतो. तोंडाने काही बोलावे लागत नाही. पेन्सिल उचलली की पाचही जण बोलायचे थांबतात.

तिसऱ्या, म्हणजे महिन्यांच्या मापासाठी मला ग्रेग स्टॅफर्ड यांच्या 'पेंड्रॅगन' या खेळापेक्षा (१९८५) चांगले उदाहरण ठाऊक नाही. तेथे साधारणपणे वर्षाला एक साहस होते आणि मग हिवाळा येतो. हिवाळ्यात आपल्या सरदाराची जहागीर कशी पिकली, घोडे जगले का, लग्न जमले का, मूल झाले का, हे सारे फाशांनी ठरते. पस्तिशी ओलांडली की दर हिवाळ्याला म्हातारपणाचाही फासा पडतो. काही सेशनांनंतर खेळाडू आपल्याच मुलाला घेऊन टेबलावर येतो. आमच्या गटात एका खेळाडूने राक्षसाशी लढणे टाळले, कारण त्याचा वारस अजून दोन वर्षांचा होता आणि जहागीर भावाच्या हाती गेली असती. लढाईतला तो निर्णय तीन हिवाळ्यांपूर्वी झालेला होता.

नवखी खेळाडू

डाउनटाइमची कामे सेशनबाहेर, संदेशांवर उरकणारे कोणी आहे का? आमच्याकडे तो प्रयोग झाला. ज्यांना लिहायला आवडते त्या दोघांनी पानेच्या पाने लिहिली, त्यांच्या पात्रांना सरदाराची ओळख, एक जुना नकाशा असे काही ना काही मिळत गेले, आणि उरलेले आम्ही पुढच्या सेशनला आलो तेव्हा गोष्ट आमच्याशिवाय दोन प्रकरणे पुढे गेलेली होती.

चांदणवाट

आहे, आणि तेच झाले होते. आता मर्यादा घातली आहे. प्रत्येकाने आपली दोन कामे आणि त्यामागचा हेतू तीन वाक्यांत कळवायचा. मी फासा टाकून निकाल दोन वाक्यांत कळवते. दुकानातली खरेदी, दुरुस्ती, मंत्र उतरवणे ही कामे तेथेच ठरलेल्या किमतीत मिटतात. ज्यात दुसऱ्या पात्राचा संबंध येतो किंवा जे सगळ्यांनी पाहायला हवे, ते टेबलासाठी राखून ठेवायचे. ज्यांचा संदेशच येत नाही त्यांची कामे मी विचारून सेशनच्या आरंभी करून घेते. न लिहिणे हा गुन्हा नव्हे.

वीसपैलू

इतक्या सविस्तर प्रतिसादांबद्दल सर्वांचे आभार. मध्यंतरी चार सेशन झाली, त्यांचा वृत्तांत देतो. पैकी पहिले सेशन सपशेल फसले.

मशालजींचे वर्तुळ मी सहा भागांचे काढले, पण उत्साहाच्या भरात शॉर्ट रेस्टलाही एक भाग रंगवायचा असे जाहीर केले. परिणाम असा झाला की पार्टीने विश्रांती घेणेच सोडून दिले. क्लेरिककडे एकही मंत्र उरलेला नव्हता, हिट डाइस शिल्लक असून खर्च करायला तास मिळत नव्हता, आणि वॉरलॉक व फायटर, ज्यांच्या बऱ्याच शक्ती शॉर्ट रेस्टवरच परत येतात, ते दोघे सर्वांत आधी कोरडे पडले. तिसऱ्या खोलीत चोर मृत्यूच्या दुसऱ्या अपयशी फाशापर्यंत पोहोचला. वेळेला किंमत असावी हे खरे, पण ती सर्वांना सारखी बसत नाही, हे हिशेबनीस यांचे म्हणणे मला अशा रीतीने शिकावे लागले. पुढच्या सेशनपासून भाग फक्त लाँग रेस्टला रंगतो, आणि शॉर्ट रेस्टला मी एवढेच विचारतो: "या तासात प्रत्येक जण कोणते एक काम करतो?" आमच्याही पार्टीला एक जादूची अंगठी सापडली आहे, ती अजून ओळखलेली नाही. विझार्डने ती तशीच बोटात घालून जोडून घेतली आहे. ती काय आहे हे मला माहीत आहे आणि मी शक्य तितका निर्विकार चेहरा ठेवून आहे.

लांडग्यांना मी निवृत्त केले. तक्त्यात आता लढाया नाहीत, खुणा आहेत. ओली राख, एकाच दिशेने गेलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या, नदीवर नुकताच तोडलेला पूल. प्रत्येक खुणेमागे पुढच्या एन्काउंटरची एक माहिती दडलेली असते आणि ती मिळवायची तर अर्धा दिवस मोडतो. चाकोऱ्यांचा माग त्यांनी काढला, त्यामुळे पुढच्या छावणीत किती पहारेकरी आहेत हे त्यांना आधीच कळले आणि ते मागच्या बाजूने शिरले. पुलाकडे मात्र कोणी पाहिलेही नाही.

खरेदीसाठी चांदणवाट यांचा संदेशांचा नियम जसाच्या तसा घेतला. घासाघीस करणाऱ्या खेळाडूला मी घाबरत घाबरत सांगितले, तर तो म्हणाला, "मला वाटत होते तुम्हालाच ते आवडते." तीन वर्षे आम्ही एकमेकांच्या आनंदासाठी तलवारीचा भाव करत होतो.

पहारा दोघांचा लावला. कोणाशी फारसे न बोलणाऱ्या खेळाडूचे पात्र पॅलाडिनबरोबर जागे होते. तिने एवढेच सांगितले की तिचे पात्र पॅलाडिनच्या ढालीवरचा चरा वाळूने घासते आहे, पण तो चरा कोठून आला हे विचारत नाही. पॅलाडिनच्या खेळाडूने थोडा वेळ थांबून ते आपणहून सांगितले. चार मिनिटेही गेली नसतील.

आता पेच असा आहे. चोराने शहरातल्या तिजोरीच्या चावीसाठी आठ भागांचे काम सुरू केले आहे, त्याचे दोन भाग उरले आहेत. पडद्यापुढच्या वर्तुळाचेही दोनच उरले आहेत. मागचे सेशन संपताना पार्टी एका पडक्या बुरुजात होती, सगळे जखमी, आणि रात्र काढावी की तसेच निघावे यावर त्यांचा वीस मिनिटे वाद झाला. मी एक शब्दही बोललो नाही आणि कोणीही फोनला हात लावला नाही. निर्णय पुढच्या सेशनला होईल.

मशालजी

वाद छान आहे. रात्रीच निघायचे ठरले तर कंदिलात तेल किती आहे?

वीसपैलू

आत्ताच गटावर विचारले. पाचांपैकी कोणीही लिहून ठेवलेले नाही.